तिसऱ्या वेळी उघडायचं दार

माझ्या नणंदेला, नोटबुर्गाला, म्हणजे आमच्या बुर्गीला, आयुष्यात एकदाही कुणी फसवलं नाही, आणि हे तिने कुणाला विसरूही दिलं नाही. एकतीस वर्षं ती ऑस्ट्रियातल्या आमच्या इन्सब्रुकच्या रोपवेच्या खिडकीत तिकिटं विकत बसली. डोंगर बघायला येणारी अर्धी दुनिया तिने त्या चौकोनातून बघितली, आणि त्या दुनियेचा खिसा कोण कसा कापतं तेही बघितलं. निवृत्त झाल्यावर माणसं कुत्रा पाळतात, मोजे विणतात. बुर्गीने पत्रकं छापली.

पत्रक चार भाषांत होतं. रस्त्यात कुणी कसल्याशा सहीसाठी कागद पुढे केला तर पाकीट घट्ट धरून चालू लागा. तीन पेल्यांखाली गोटी लपवण्याचा खेळ चाललेला दिसला, तर त्यात जिंकणारा माणूस हा खेळ मांडणाऱ्याचा भाऊ असतो. दाराबाहेर भाव लिहिलेले नाहीत तिथे जेवायला बसू नका. फुकट म्हणणाऱ्यापासून दुप्पट सावध राहा. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरांत: सीझनमध्ये रस्त्यात गाठून ‘माझ्याकडे खोली आहे’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका, मग ती म्हातारी बाई का असेना. ते म्हातारीचं तेवढं काढ, असं मी तिला म्हटलं होतं. तर म्हणाली, म्हाताऱ्याच जास्त बेरकी असतात, तू स्वतःवरून बघ.

नाताळच्या बाजारात दर शनिवारी ती जुन्या शहरातल्या कमानींखाली उभी राहायची आणि येईल त्याच्या हातात पत्रक कोंबायची. उरलेला गठ्ठा स्टेशनवर ठेवून यायची. लोक तिला बघून पर्सवर हात ठेवायचे आणि लांबून वळसा घालायचे. एका जपानी गृहस्थाने तिला भिकारीण समजून दोन युरो दिले. ते परत करायला ही त्याच्यामागे धावली, तर तो बिचारा आणखी जोरात धावला. ते नाणं तिने शेवटी चर्चच्या पेटीत टाकलं आणि आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही, कारण मी हसले होते.

तिचं घर वर होटिंगच्या चढावर, माझं त्याला लागून. नवरा माझा तिचा भाऊ, तो गेला त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना छळत सुखाने राहतो. बुर्गीच्या सज्जात उन्हाळाभर लालभडक जिरेनियम फुलतात. गेल्या वर्षी फुलांच्या स्पर्धेत दुसरा नंबर आला आणि घराचा फोटो इथल्या पेपरात छापून आला. दुसराच का, यावर ती महिनाभर बोलत होती. तेवढ्यात कुणा हरामखोराने तो फोटो उचलला आणि इंटरनेटवर टाकून खाली लिहिलं की सुट्टीसाठी भाड्याने देणे आहे. उबदार खोल्या, डोंगराचं दर्शन, प्रेमळ मालकीण.

यंदा जुलैत पहिलं, एक डच जोडपं बॅगा घेऊन दारात उभं राहिलं. ऑक्टोबरपर्यंत नऊ बिऱ्हाडं येऊन गेली. सगळ्यांनी पैसे आधीच भरलेले, सगळ्यांच्या कागदावर हिच्या घराचा नंबर. पोलिसांनी लिहून घेतलं आणि सांगितलं की हे कुठल्यातरी परक्या देशातून चालतं. एका जागचा फोटो काढून टाकला की दुसऱ्या जागी यायचा.

आलेल्या प्रत्येकाला बुर्गी उंबऱ्यावर उभं करून वर्ग घ्यायची. न बघता पैसे भरलेच कसे? सीझनमध्ये इतकी स्वस्त खोली मिळते तेव्हा शंका नाही आली? मग हातात पत्रक, आणि दार बंद. शब्द न् शब्द खरा, पण पाण्याचा घोट नाही. निदान कॉफी तरी विचार गं, मी म्हणायचे. तर तिचं उत्तर ठरलेलं. “कॉफी दिली की लोक म्हणतील, ही यात सामील आहे.”

तिचंही अगदीच चूक नव्हतं. बॅगा येताना सगळी आळी बघत होती. बेकरीवाल्या आडेलहाइडबाईंनी पाव देता देता विचारलंच, भाडं बरं सुटतं का हो? ज्या बाईने जन्मभर लोकांना चोरांपासून जपलं, तिला चोरांची भागीदार ठरवायला निघाले होते. त्या दिवशी घरी येऊन बुर्गीने दारावरच्या घंटीची वायर उपटून टाकली. तेव्हापासून तिच्याकडे कुणीही आलं की दार ठोठावायचं.

आता आमच्याकडची रीत सांगते. नाताळच्या आधी चर्चमधली मरियामातेची तसबीर घरोघर फिरते, एकेका घरी एकेक रात्र. मंडळी तसबीर घेऊन दार ठोठावतात आणि गाण्यातून जागा मागतात, कारण मरिया आणि योसेफला त्या रात्री कुणी थारा दिला नव्हता. आतल्याने आधी हाकलायचं. पुन्हा ठोठावलं की पुन्हा हाकलायचं, आणखी कडक आवाजात. तिसऱ्या वेळी दार उघडून आत घ्यायचं. शेवटच्या रात्रीचा मान ज्या घराला, त्या घराने दुसऱ्या दिवशी तसबीर चर्चमध्ये न्यायची. यंदा अकरा वर्षांनी तो मान बुर्गीकडे आला होता. सगळी वस्ती तिच्या घरात येणार, स्वच्छ घर बघणार, भाड्याच्या खोलीबिलीचा प्रकार नाही हे डोळ्यांनी बघणार. त्यासाठी तिने तीन दिवस जिने घासले. मी म्हटलं, हाकलायचा सराव मात्र तुला नको, जुलैपासून चालूच आहे.

तेवीस डिसेंबरला मंडळी पाच वाजता यायची होती. पावणेपाचला टकटक झाली. बाहेर बर्फ पडत होता, दार चार बोटं जाड. पलीकडून कुणा पुरुषाचं पुटपुटणं तेवढं ऐकू आलं. आमच्या मंडळातले पुरुष गातात ते असंच ऐकू येतं. बुर्गीने पदर खोचल्यासारखा एप्रन सारखा केला आणि दाराआडून आवाज लावला, “कोण आहे? इथे जागा नाही. चालते व्हा.” मी स्वयंपाकघरात सुक्या नासपतीचा पाव कापत होते, माझ्याही अंगावर काटा आला. पुन्हा टकटक, जरा दबकत. “सांगितलं ना, नाही म्हणून! तुमच्यासारखे रोज येतात.” हे शेवटचं रीतीत नाही, ते तिने पदरचं घातलं.

मग आम्ही तिसऱ्या टकटकीची वाट बघितली. ती झालीच नाही.

बुर्गीने दार उघडलं. पायरीवर कुणी नव्हतं. ताज्या बर्फात पावलांचे तीन माग होते आणि त्यांच्या बाजूने बॅगांच्या चाकांच्या रेघा, चढ उतरून खाली बसस्टॉपकडे गेलेल्या. बुर्गी त्या रेघांकडे बघत राहिली. मला वाटलं, झालं, दहावं बिऱ्हाड, आता दार लावेल. पण तिचा चेहरा उतरला होता. ते शब्द तिने मरियामातेसाठी म्हटले होते, आणि ते अर्धवट राहिले होते.

“झीटा, दोनदाच झालं गं,” ती म्हणाली, आणि होती तशी घरातल्या सपातांवर बर्फात उतरली.

मी तिचा कोट आणि बूट घेऊन मागे धावले. सत्तरीच्या दोन बायका त्या उतारावर कशा दिसल्या असतील ते मला सांगू नका. स्टॉपच्या बाकावर तिघं बसली होती, इटलीतल्या फेरारा गावची. नवरा, बायको आणि बायकोची आई. बायको गरोदर वगैरे नव्हती, देवाची कृपा, नाहीतर पाद्रीबाबांनी पुढची दहा वर्षं तेच सांगितलं असतं. त्या आठवड्यात इन्सब्रुकमध्ये गोठासुद्धा रिकामा नव्हता, आणि हे त्यांनाही एव्हाना कळलं होतं. इटालियन आम्हा दोघींना कामापुरतं येतं.

बुर्गी धापा टाकत म्हणाली, माझ्याकडे खोली आहे, चला. नवरा उठून बॅगांच्या पुढे उभा राहिला आणि नको म्हणाला. ती म्हणाली, पैसे नकोत, फुकट. तेव्हा बायकोने पर्समधून स्टेशनवर मिळालेलं एक पत्रक काढलं आणि फुकट म्हणणाऱ्यापासून दुप्पट सावध राहायचं ते वाचून दाखवलं. मग खालचं जाड अक्षरातलं, म्हातारीसकट.

“ते मीच लिहिलंय,” बुर्गी म्हणाली.

“मग तर नकोच,” नवरा म्हणाला.

एकतीस वर्षं खिडकीत बसून बुर्गीने कुणाला एकदाही विनवलं नव्हतं, तिला ते येतच नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. मला तिची इतकी दया आली की मला तिचाच राग आला.

एवढा वेळ ती आई, इओलांदाबाई, बुर्गीच्या पायांकडे बघत होती. सपाता भिजून गेल्या होत्या, मोज्यांवर बर्फ चिकटला होता. मग ती जावयाला म्हणाली, “लुटायला निघालेली बाई आधी बूट घालते रे.” आणि उठून तिने आपली पिशवी बुर्गीच्या हातात दिली.

चढ चढताना मी बुर्गीच्या कानाशी लागले. म्हटलं, दहा मिनिटांत सगळी वस्ती घरात येईल, आडेलहाइडबाई सगळ्यात पुढे. या बॅगा बघून काय म्हणतील त्याचा विचार केलास का? निदान मागच्या दाराने माझ्याकडे नेऊ. बुर्गीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढच्याच दाराने शिरली.

इओलांदाबाईंचे पाय आम्ही गरम पाण्याच्या घमेल्यात सोडले. बुर्गीने स्वतः कॉफी ओतली, सहा महिने द्यायची राहिलेली. जावई अजून खुर्चीच्या टोकावर बसून पैशाचं पाकीट चाचपत होता. एवढ्यात टकटक झाली, आणि बाहेर गाणं सुरू झालं.

बुर्गीने जाऊन सरळ दार उघडलं. गाणं मध्येच बंद पडलं. पुढे चर्चचे सेवेरिनमामा, हातात तसबीर, तोंड अजून उघडंच. त्यांच्या खांद्यावरून आडेलहाइडबाईंची नजर वाटेत मांडलेल्या बॅगांवर जाऊन बसली. बुर्गीने ते बघितलं. बॅगा काही तिने बाजूला केल्या नाहीत.

“नोटबुर्गाबाई,” सेवेरिनमामा कुजबुजले, “आधी तुम्ही नाही म्हणायचंय. दोनदा.”

“म्हणून झालंय माझं,” बुर्गी म्हणाली. “या आत. जागा आहे.”