गायकवाड मॅडमच्या चार स्पेस

गायकवाड मॅडम कोड वाचण्याआधी तो लांबून बघायच्या. खुर्ची मागे सरकवायची, चष्मा कपाळावर चढवायचा. अक्षरं धूसर झाली की नुसत्या ओळींच्या आकारावरून म्हणायच्या, "तिसरं उदाहरण दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय." बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

निवृत्तीनंतर त्यांनी एका प्रोग्रॅमिंग भाषेची मराठी मार्गदर्शिका करायला घेतली होती. रविवारी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या घरी आम्ही चार-पाच जण जमायचो आणि धडे लिहायचो. सगळ्या उदाहरणांची मांडणी एकसारखी हवी, हा मॅडमचा हट्ट. ओळ आत सरकवायची तर चारच स्पेस, आणि अवतरणचिन्हं सगळीकडे दुहेरी.

उल्हासनगरच्या मनोजचा धडा त्यांनी पुन्हा परत पाठवला, तेव्हा तो वैतागला. "मॅडम, कोड चालतोय ना? फिर क्या प्रॉब्लेम है? एकेरी काय, दुहेरी काय, कॉम्प्युटरला सेमच आहे."

"कॉम्प्युटरसाठी कोण लिहितंय?" मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, पूर्वी त्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायच्या, तेव्हा आनंदनगरच्या कारखान्यातले एक गृहस्थ पाळी संपवून यायचे. पुस्तकात एका पानावर एकेरी चिन्हं होती, दुसऱ्यावर दुहेरी. यामागे काहीतरी नियम असणार आणि तो आपल्यालाच कळत नाही, असं धरून ते डोकेफोड करत राहिले. विचारायला लाजले. मग यायचेच बंद झाले. "नवीन माणूस प्रत्येक फरकाचा अर्थ लावतो रे. आपण उगाच फरक करू नये."

पुढच्या रविवारी मनोज उदाहरणांची मांडणी आपोआप सारखी करणारा एक प्रोग्रॅम घेऊन आला. मॅडम आठवडाभर करायच्या ते काम त्याने चुटकीसरशी केलं. त्यांना वाईट वाटेल म्हणून आम्ही त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्या खुशीत होत्या. "बरं झालं, माझी मान सुटली."

तरी त्यांनी सगळे धडे वाचून काढले आणि एका ठिकाणी थांबल्या. मांडणी कशी नसावी हे दाखवायला मुद्दाम वाकडंतिकडं ठेवलेलं उदाहरणही प्रोग्रॅमने सरळ करून टाकलं होतं. "अरे, याला वाकडंच राहू दे. नाहीतर लोकांना दाखवणार काय?" मनोज हसला आणि तो धडा प्रोग्रॅममधून वगळला.

पुढे मॅडम आजारी पडल्या आणि दुखणं बळावलं. पडद्याकडे बघवेना. मग मनोज ऑफिस सुटलं की थेट बदलापूरला यायचा आणि पलंगाशेजारी बसून कोड वाचून दाखवायचा. "नवी ओळ, चार स्पेस, रिटर्न टोटल." त्या डोळे मिटून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "थांब. वर व्हेरिएबलचं नाव 'गुण' होतं, इथे 'मार्क' झालं."

"कोणतं ठेवू?"

"तू ठरव. पण एकच ठेव."

शेवटचा धडा वाचायचा राहिला आणि मॅडम गेल्या. अंत्यविधीहून आम्ही त्यांच्या घरी परतलो. मनोजने लॅपटॉप उघडला आणि तो धडा मोठ्याने वाचून काढला, स्पेससकट.