डाव्या पायाचं जोडवं

माझे तळपाय गेली चार वर्षं जळतात. दिसायला काहीच नाही. लाल नाहीत, आणि हात लावून बघितलं तर गार लागतात. त्यामुळे सहानुभूती मिळत नाही. ताप आलाय म्हटलं तर निदान कपाळाला हात लावून बघता येतं. पाय जळतात म्हटलं की लोक पायांकडे बघतात आणि मग दुसरा विषय काढतात.

आमचं जयनगरचं घर जुनं, जमीन लाल कोब्याची, गुळगुळीत आणि गार. दुपारी मी खुर्चीत बसून दोन्ही पाय त्या जमिनीला टेकवायची. तेवढी जागा गरम झाली की खुर्ची पुढे सरकवायची. संध्याकाळपर्यंत माझी अख्ख्या हॉलला प्रदक्षिणा व्हायची. शेजारच्या अक्कांनी काशाच्या वाटीनं तूप चोळायला सांगितलं. तूप काळं झालं, तेव्हा अक्का म्हणाल्या, उष्णता बाहेर पडली. रक्तातली साखर होती तिथंच होती. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

ती वाटी मी गुडघे दुमडून, कुरकुरत, स्वतःच घासायची. दे इकडे, असं हे दोनदा म्हणाले होते. हे म्हणजे माझे यजमान. बाजारात यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि बोटं अजून तरुण आहेत. पण मी वाटी दिली नाही. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा नसतो, पाप बायकोला लागतं. सप्तपदीच्या वेळी भटजींनी यांना माझा अंगठा धरायला लावला होता. तेवढं एकदाच, आणि तेही मंत्र चालू असताना.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी डोळे मिटायला सांगितले. नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी पायाला टेकवीन, लागलं की हो म्हणा, म्हणाल्या. मी शाळेत कधी नापास झालेली नाही. जरा जरा थांबून अंदाजानं हो म्हणत गेले. सात-आठ हो झाल्यावर त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "अम्मा, मी अजून सुरूच केलेलं नाही."

मग त्यांनी समजावलं. साखरेनं पायाच्या नसा खराब झाल्यात. आता काही नसताना आग होईल, आणि खरंच चटका बसला तर कळणार नाही. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. तळपाय रोज कुणाकडून तरी तपासून घ्यायचे. आणि जोडवी काढून ठेवायची, पाय सुजले की ती मांसात रुततात.

हे बाहेर बाकावर बसले होते. काय म्हणाल्या, असं विचारलं. मी म्हटलं, "गोळ्या दिल्यात. बाकी सगळं सरी आहे." ठीक म्हणायला आमच्या तोंडी इथलं कन्नड 'सरी'च येतं.

जोडवी घालताना सासूबाईंनी बजावलं होतं, यजमान आहेत तोवर उतरवायची नाहीत. दोन वर्षांपूर्वी यांच्या हृदयात स्टेंट घातला. हे वाचले याचं श्रेय सगळ्यांनी डॉक्टरांना दिलं. माझा हिशेब मात्र वेगळा होता. त्यामुळे जोडवी तशीच राहिली. चपलेचं म्हणाल तर घरात देव आहेत, चपला घालून फिरायचं कसं. तपासायला मात्र मी हातातला आरसा घेतला. हातच्या काकणाला आरसा लागत नाही, तळपायाला लागतो. त्यात मला बहुतेक वेळा छताचा पंखा दिसायचा.

असे तीन महिने गेले. हे घरी काम आणतात तेव्हा जमिनीवर पांढरं धोतर अंथरतात. बारीक स्क्रू पडला तर दिसावा म्हणून. एका संध्याकाळी मी कॉफी द्यायला गेले आणि धोतराच्या कडेवर पाय पडला. मी वळले तोवर यांना डाग दिसला होता. लाल कोब्यावर तो किती दिवस पडत होता, कोण जाणे.

"बस," हे म्हणाले.

मी बसले. यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि माझा पाय धरला. मी मागे ओढला, पाप लागेल म्हटलं. यांनी सोडला नाही. डावं जोडवं मांसात रुतून बसलं होतं, खाली पू झाला होता. मला काही कळलं नव्हतं. तळपाय रोजच्यासारखेच जळत होते. डॉक्टरीणबाई खरं काय म्हणाल्या होत्या, हे यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं आणि मला रडू आलं. मला फार भीती वाटत होती, आणि ती बोटाची नव्हती.

"तुम्ही असताना जोडवं कसं काढू?"

"मी आहे म्हणून तर कापतोय," हे म्हणाले. "नसतो तर कुणी कापलं असतं?"

घड्याळाच्या पट्ट्यांच्या कड्या तोडायचा छोटा कटर यांनी घेतला. जोडवं दोन जागी तोडलं. दुखतंय का, असं सारखं विचारत होते. दुखायला हवं होतं, पण दुखलं नाही.

लगेच रिक्षा करून गेलो. आणखी चार दिवस थांबला असतात तर बोट काढावं लागलं असतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दीड महिना ड्रेसिंग चाललं. बोट राहिलं. उजवं जोडवंही उतरलं. दोन्ही आता देव्हाऱ्यात आहेत, डावं दोन तुकड्यांत. रोज हळदकुंकू वाहते. हे ठणठणीत आहेत. घरात घालायच्या चपलांनाही देवांनी हरकत घेतलेली नाही.

आता रोज सकाळी दुकानाला जाण्याआधी हे माझा पाय मांडीवर घेतात. आधी भिंगानं बघतात, मग एकेक बोट दाबतात. इतक्या वर्षांनी यांनी माझे पाय हातात घेतले आणि मला यांचा हात कळत नाही. याचं दुःख जळजळीपेक्षा मोठं आहे. मी डोळे मिटते. लागतंय का, हे विचारतात. यांच्याजवळ मी खोटं हो म्हणत नाही. नाही, म्हणते. "सरी," हे म्हणतात. थोड्या वेळानं पुन्हा "लागतंय?" ऐकू येतं, तेव्हा मला कळतं की आता पुढचं बोट यांच्या हातात आहे.