तलासरीबद्दल मी काय सांगितलं

हे मी माझ्या भावाला सांगितलेलं नाही, शाळेत कोणाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसांसमोर हा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जाते.

पण आधी गावाबद्दल थोडं बोलू द्या. टाळत नाहीये मी — म्हणजे टाळते आहे थोडी, पण गावाशिवाय पुढचं कळणार नाही.

२०१४ च्या जूनमध्ये मी तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला आले. पुण्यात भावाच्या घरी राहत होते, वय चौतीस, लग्न नाही, दर वर्षी नव्या शाळेत तात्पुरती नोकरी. कायमची जागा मिळाली ती इथे. नातेवाइकांना गावाचं नाव सांगितलं की ते म्हणायचे, "म्हणजे गुजरातला जाताना लागतं ते? तिथे आम्ही कधी थांबलो नाही." खरंच आहे. तिथे कोणी थांबत नाही. हायवेवरून ट्रक जातात, बस जातात, गाड्या जातात, आणि त्यांची धूळ तेवढी आमच्याकडे राहते. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी बोटाने नाव लिहिण्याइतकं मळलेलं असतं. गावाला रेल्वे स्टेशन नाही. शेजारच्या वेवजी गावाच्या बाजूला गेलं की मोबाइल गुजरातचं नेटवर्क पकडतो आणि स्वागताचा मेसेज येतो. आजारपण जरा मोठं असलं की गाडी काढून वापी गाठायची.

पहिल्या पावसाळ्यात मी दोनदा बॅग भरली. दोन्ही वेळा घरमालकीण जयाबेन दारात येऊन उभी राहिली. वाटीभर गरम खिचडी-कढी पुढे केली, आणि मी जेवून बॅग रिकामी केली. लग्न का नाही केलं, हे तिने पहिल्या दिवशी एकदाच विचारलं. परत कधी नाही. पुण्यात हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा विचारला जायचा.

आणि मुलं. आमची मुलं डोंगरातल्या पाड्यांवरून तास-तासभर चालत येतात. घरी वारली बोलतात, वर्गात पहिले सहा महिने तोंड उघडत नाहीत. पण एकदा मी झाडांचे भाग शिकवायला त्यांना बाहेर नेलं, आणि त्या गप्प मुलांनी मला बावीस झाडांची नावं सांगितली. कुठल्या झाडाची साल कशाला लावायची तेही सांगितलं. मला त्यातली चार माहीत होती. त्या दिवसापासून मी त्यांची झाले — की ती माझी झाली? हा फरक मला तेव्हा कळला असता तर बरं झालं असतं.

गणिताची जागा रिकामी होती. म्हणून गणितही मीच शिकवायचे. बीजगणित कसंबसं जमायचं. भूमिती मला येत नव्हती — विद्यार्थिनी असतानाही नव्हती. पण मुलांना ते माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की सगळं बाईच शिकवतात. सकाळी माझी गाडी फाटकात आली की चाळीस मुलं धावत यायची. पुण्यात माझ्यासाठी कोणी खुर्चीवरूनसुद्धा उठलं नव्हतं.

सुनीता माझ्या वर्गात होती. वेवजीची. दोन वेण्या, पायात भावाच्या चपला, आणि प्रश्न. "बाई, हे असंच का?" दोन त्रिकोण सारखे आहेत हे मी फळ्यावर सिद्ध करत होते, खरं तर पुस्तकातून उतरवत होते. ती म्हणाली, "पण ही बाजू तिथे कशी गेली?" मी म्हटलं, असंच असतं, पाठ कर. ती बसली. तास संपल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, गणिताच्या वेगळ्या बाई कधी येणार?"

रागाने नाही विचारलं तिने. भूक लागल्यावर जेवण कधी, असं विचारतात तसं विचारलं. आणि मला — काय सांगू? — मला ते लागलं.

ती नववीतून दहावीत गेली, आणि त्याच आठवड्यात प्राजक्ता आली. २०१६ चा जून. नाशिकची मुलगी, एम.एस्सी. गणित, मुलाखतीत निवड झालेली. रुजू होण्याआधी वडिलांना घेऊन गाव बघायला आली होती. मुख्याध्यापकांनी तिला माझ्याकडे पाठवलं. म्हणाले, "तुम्ही बाहेरून येऊन राहिलात. इथलं बरं-वाईट तुमच्याइतकं कोण सांगणार?"

जयाबेनच्या ओट्यावर आम्ही चहा घेतला. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मॅडम, राहण्यासारखं आहे का?"

मी सांगितलं. धुळीचं सांगितलं, पावसात तीन-तीन दिवस जाणाऱ्या विजेचं सांगितलं. मोरीत निघालेल्या सापाचं सांगितलं. भातलावणीला निम्मा वर्ग रिकामा होतो ते सांगितलं. हॉस्पिटल, स्टेशन, एकट्या बाईने संध्याकाळी हायवे ओलांडणं. एकही गोष्ट खोटी नव्हती. तिच्या वडिलांच्या कपाळावर आठ्या जमताना मी बघत होते, आणि थांबत नव्हते.

जयाबेनच्या खिचडीचं सांगितलं नाही. बावीस झाडांचं नाही. रविवारी तासाभरात डहाणूच्या किनाऱ्यावर जाऊन सुरूच्या सावलीत बसता येतं, गंजाडच्या बाजूने येताना रस्त्यात ताजी भाजी मिळते, इथे मी दोन वर्षांत एकदाही एकटी जेवले नाही — यातलं काही नाही. जणू माझ्या तोंडात एकच बाजू होती.

तरी ती तयार होती. खरंच तयार होती. कप खाली ठेवून तिने शेवटचं विचारलं, "ते सगळं ठीक आहे हो. मुलांना गणिताची आवड आहे का?"

आणि मी म्हटलं, "नाही. इथे गणितात कोणालाच रस नाही."

हेच ते. इतकंच वाक्य. डोळ्यांसमोर सुनीता असताना म्हटलं.

प्राजक्ता रुजू झाली नाही. मुख्याध्यापकांनी तिचं पत्र मला दाखवलं आणि म्हणाले, "एवढ्या लांब कोण येणार?" मी मान हलवली. वर्गात जाऊन सांगितलं की गणित मीच शिकवणार, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुनीतानेही वाजवल्या — जरा उशिरा. मला त्या टाळ्यांचं सुख झालं. हे सांगायला लाज वाटते, पण झालं.

२०१७ च्या निकालात सुनीता सगळ्या विषयांत पास झाली, गणित सोडून. भूमितीने नेलं. जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म घेऊन मी वेवजीला गेले तेव्हा ती घरी नव्हती. मावशीबरोबर उंबरगावला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली होती. तिची आई म्हणाली, "तिला नाय जमत गणित, बाई. तीच बोलली, माझं डोकं नाय त्यात." मी फॉर्म घेऊन परत आले. रस्ताभर ते वाक्य माझ्या कानात होतं. तिचं डोकं नाही? तिचं?

एक वर्ष गेलं. त्या वर्षात मी काय केलं? भूमितीचं पुस्तक आणून बसले, आणि चाळून ठेवून दिलं. दुसरं काही नाही.

२०१८ च्या मे महिन्यात ती मला एसटी स्टँडवर भेटली. डबा, ओढणी, डोळ्यांखाली काळं. मला बघून आधी चपला सारख्या केल्या, वर्गात करायची तशा. मग विचारलं, "गणिताच्या बाई आल्या का?"

त्या जूनमध्ये मी मुख्याध्यापकांच्या मागे लागले. जागेची जाहिरात परत निघाली, आणि नंदुरबारकडचे गावित सर बघायला आले. तोच ओटा, तोच चहा. या वेळी मी सगळं सांगितलं — धूळ, साप, वीज, आणि खिचडी, झाडं, समुद्र, जयाबेनचा स्वभाव. शेवटी न विचारताच म्हटलं, "सर, इथली मुलं गणितासाठी वाट बघतायत." ते हसले, म्हणाले, "मग झालं तर."

नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. पहिल्या मोठ्या धक्क्याला वर्गातली खडूची पेटी टेबलावरून चालत जाऊन खाली पडली. आम्ही मुलांना मैदानात आणलं. गावित सर माझ्या शेजारी उभे, चेहरा पांढरा, म्हणाले, "बाई, हे तुम्ही सांगितलं नव्हतं!" मला वाटलं, गेले हे. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा आंब्याखाली टेकवला आणि तिथेच तास घ्यायला सुरुवात केली. मध्येच धक्का आला तर थांबायचे, मुलांना म्हणायचे, "हं, झालं? तर कोन अ..."

सुनीताला मी परत बोलावलं. रविवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, त्याच आंब्याखाली. सर शिकवायचे, मी मागे बसायचे. एका रविवारी त्यांनी कागदाचे दोन त्रिकोण कापून एकावर एक ठेवले, आणि सुनीता मोठ्याने म्हणाली, "अरे! म्हणून ती बाजू तिथे!" मलाही त्याच क्षणी कळलं. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी.

२०१९ ला ती पास झाली. गणितात बहात्तर. डहाणूला अकरावी सायन्सला प्रवेश घेतला.

कॉलेज सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ती शाळेत आली. सरांना भेटली, मग मला. म्हणाली, "बाई, तुम्ही परत बोलावलंत म्हणून झालं. नाहीतर मी तिथेच राहिले असते." आणि वाकली.

सांगायची वेळ तीच होती. मैदानात कोणी नव्हतं. सर वर्गात गेले होते. मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, "नीट जा. बस चुकवू नकोस."

दोन वर्षं मी तिची घेतली होती, आणि आभार मानायला तीच आली. मी ते घेतले.

ती फाटकातून बाहेर पडली. नव्या चपला होत्या, तिच्या मापाच्या. स्टँडच्या दिशेने भरभर चालत गेली, मागे वळून न बघता — तिला घाई होती.