उन्हामागे सरकणारी सतरंजी

दिल्लीतलं पौषातलं ऊन ओळखीच्या मांजरासारखं येऊन बसतं: आधी पावलांपाशी, मग मांडीवर, मग पाठीला पाठ लावून, डोळे मिटून. धुक्याची राखाडी गोधडी बाजूला सारून सूर्य बाहेर यायला अकरा वाजतात आणि साडेतीनला त्याची परतीची आवराआवर सुरू होते. मधल्या त्या मोजक्या घटकांत आमच्या द्वारका उपनगरातल्या बागेत संत्र्याच्या साली, सोललेले मटार आणि तापू लागलेली लोकर यांचा जो संमिश्र गंध दरवळतो, त्यात मी लहानाची मोठी झाले. मला पत्रकं लिहायची सवय आहे. मागण्या, निषेध, आवाहनं. पण या गंधाबद्दल मागणी कशी लिहायची, हे मला बरीच वर्षं कळलं नाही, आणि जेव्हा कळलं तेव्हा ती माझ्याच विरुद्ध लिहावी लागली.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर, मागच्या बाजूला नसीमकाकू राहतात. मूळच्या मिरजेच्या, काका आणि माझे बाबा एकाच मंत्रालयात होते, म्हणून दोन्ही घरं दिल्लीत आली आणि इथलीच झाली. काकूंच्या घरात दिवाळीपासून होळीपर्यंत ऊन शिरत नाही. गुडघे धरलेल्या त्या बाईचा हिवाळा म्हणजे बागेतली निळ्या-तांबड्या पट्ट्यांची सतरंजी. कडुनिंबाची सावली जवळ आली की त्या म्हणायच्या, "उठा गं, ऊन सरकलं," आणि चौघी जणी चार कोपरे धरून मटार, विणकाम, संत्री यांच्यासकट सतरंजी हातभर पुढे ओढायच्या. दुपारभर असा उन्हाचा पाठलाग चाले. माझी आई ऑफिसात असायची, म्हणून चौथा कोपरा माझा. एकदा मी तो सोडला आणि सगळे दाणे गवतात विखुरले. मला रडू फुटलं. काकू म्हणाल्या, "मटार आहेत बाळा, मोती नव्हेत. वेच."

एकाच बागेत किती बागा नांदतात, हे ऋतू दाखवतात. फाल्गुनात सावरीची मांसल, रक्तवर्णी फुलं धप्प आवाज करून पडतात, आणि पहाटे पळणारी माणसं त्यांना चुकवत नागमोडी धावतात. वैशाखात बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो. पण ते वैभव बघायला दुपारी कोण थांबतं? लू, ती होरपळणारी झळ, अशी वाहते की झोपाळ्याच्या साखळ्यांना हात लावता येत नाही. आषाढात जांभळं पडून चालायची वाट जांभळी होते, शरदात सातविणीचा उग्र गंध डोक्यात चढतो, आणि मग येतो तो धुरकट पडदा, ज्यात सगळ्यांनाच घरात कोंडून घ्यावं लागतं. त्याच्या पलीकडे उभा असतो हिवाळ्याचा सूर्य. इतकं सगळं मी पाहत आले होते. तरी चूक केलीच.

ती चूक वैशाखातली. झोपाळ्याखाली फुटलेली बाटली सापडली, एका पोरीचा तळपाय कापला, आणि माझं डोकं फिरलं. दुपारी जांभळाखाली रिक्षावाले पत्ते कुटत बसायचे. दुसरं कुणी तेव्हा बागेत नसायचंच. म्हणजे हेच. पुरावा? संताप हाच पुरावा वाटण्याचं माझं वय आहे. रात्रीत पत्रक तयार झालं: बाग कुणाची, गुंडांची की मुलांची? मागणी क्रमांक तीन: फाटक सकाळी दहा ते दुपारी चार बंद ठेवावं. सह्या गोळा केल्या, उद्यान खात्याच्या कार्यालयात तीन खेपा घातल्या, आणि आमची मागणी मान्य झाली. जिंकल्याची चव फार गोड असते. त्या दिवशी मी सोसायटीत पेढे वाटले.

मग थंडी आली. तापत्या दुपारसाठी मागितलेलं कुलूप थंडीतही त्याच वेळेला लागत राहिलं. सहा महिन्यांपूर्वी जी वेळ ओसाड होती, त्याच वेळेत आता सगळं ऊन होतं, आणि ते गजांच्या आत, निवांत, एकट्यानं गवतावर पसरलेलं होतं.

एका दुपारी मेट्रोतून उतरून येताना मला नसीमकाकू दिसल्या. फाटकाबाहेर, फुटपाथवर, प्लास्टिकच्या खुर्चीत. भिंतीआडून तिथे उन्हाची वीतभर पट्टी पडत होती. तीत त्यांचे गुडघे मावत होते, बाकी त्या सावलीत होत्या. दुचाक्या अंगाला घासून जात होत्या. मी चौकीदार रामफलभैयांवर तुटून पडले. त्यांनी शांतपणे बिडी विझवली. "मैडम, ताला तो आप ही लगवाके गई थीं. कुर्सी मेरी है, ये भी लिख लेना." मी बाटल्यांचं काढलं, तर म्हणाले, "वो तो रात को दीवार के ऊपर से आती थीं. ताशवाले तो बेचारे झाड़ू मारके जाते थे. आपने पूछा कब?"

खरंच, मी विचारलं केव्हा होतं?

कुलूप काढा म्हणायला गेले, तर कार्यालयातल्या साहेबांनी माझाच अर्ज फायलीतून काढून माझ्यासमोर ठेवला. हिंदीतल्या त्या सह्यांत चौथ्या क्रमांकावर वळणदार मराठी अक्षरांत सही होती: नसीम शेख. मी तो कागद बघत उभी राहिले. काकूंनी स्वतःच्या हातानं आपलं ऊन मला लिहून दिलं होतं, आणि मी ते पुढे पोचवलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांच्या गारठलेल्या स्वयंपाकघरात मी सगळं सांगून टाकलं. त्या भाकरी थापत होत्या. "माहीत आहे मला," म्हणाल्या. "तू लिहिलंयस म्हणून वाचलंच नाही मी. आपल्या पोरीचं काय वाचायचं?" मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? "तू पेढे घेऊन आली होतीस की गं." एवढंच बोलून त्यांनी भाकरी उलटली. रागावल्या असत्या तर मी वाद घातला असता. वाद मला येतो. या वाक्यापुढे काय करायचं, ते कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

नवं पत्रक चार ओळींचं झालं. पहिली ओळ: ही चूक माझी आहे. मागणी एकच, हिवाळ्यात फाटक दिवसभर उघडं ठेवा. काकूंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, मग सही केली. त्यानंतर मी रिक्षास्टँडवर गेले. पत्तेवाल्यांत सतबीरजी वयानं मोठे. त्यांनी कागद उलटसुलट केला. "पहले भगाया, अब दस्तख़त?" मी मान हलवली. "माफ़ी ऊपर लिखी है," मी म्हटलं. त्यांनी पहिली ओळ वाचायला लावली, पुन्हा एकदा वाचायला लावली, सगळा स्टँड ऐकेल अशी. मग म्हणाले, "बिटिया, ताश खेलना आता है?" नाही म्हटल्यावर मागे वळून ओरडले, "इसीलिए इतना ग़ुस्सा है यार इसमें." सगळे हसले. अकरा सह्या मिळाल्या.

माघ लागला तेव्हा कुलूप निघालं. निम्मा हिवाळा सरला होता. तो मला कुणी परत देणार नव्हतं, आणि काकूंना तर नाहीच. रामफलभैयांनी खुर्ची आत आणून ठेवली, पण काकू तिच्यात बसल्या नाहीत. गुडघे धरत, माझ्या खांद्यावर भार टाकत त्या खाली, गवतावर अंथरलेल्या सतरंजीवर टेकल्या. संत्र्याची साल सुटली, तो जुना गंध उठला. जांभळाखाली, सावलीत, पत्त्यांचा डाव पडला होता. काकूंनी त्यांना हाक मारून उन्हात यायला सांगितलं, आणि ते संकोचत सतरंजीच्या कडेला येऊन बसले.

मी वेळा लिहिल्या होत्या, दहा ते चार, पट्टीनं आखाव्यात तशा. आणि इथे ही माणसं, उन्हाला विचारत, दुपारभर हातभर-हातभर जागा बदलत जगत आली होती. माझ्या वहीत एवढा हलता रकाना कधी होता? मी विचार करत, मटार सोलत राहिले. कडुनिंबाची सावली पायाच्या बोटांपर्यंत आली, तरी माझ्या लक्षात आलं नाही.

"उठ," काकू म्हणाल्या, "ऊन सरकलं."

दोन कोपरे पत्तेवाल्यांनी धरले, एक रामफलभैयांनी. चौथा मी धरला, आणि या वेळी घट्ट.