सहा मागांचा सेंटर फॉरवर्ड

हिलालभाऊला आयुष्यात एकदाही धड फुटबॉल मारता आला नाही. एकदा हौसेनं मारायला गेला, तर चप्पल गोलात गेली आणि चेंडू जागच्या जागी राहिला. पण सुरतेच्या अख्ख्या लिंबायतमध्ये फुटबॉलवर त्याच्याइतकं बोलणारा दुसरा कोणी नव्हता, आणि त्याच्याइतकं मोठ्यानं बोलणारा तर नव्हताच. चौदा वर्षं यंत्रमागांवर काढलेली, कान निम्मे गेलेले. घरात नुसतं 'पाणी दे' म्हणाला तरी गल्लीला भांडण वाटायचं.

कान गेले, पण डोळे तयार झाले होते. मागांच्या खडखडाटात कोणी कोणाचं ऐकत नाही, म्हणून खात्यातला प्रत्येक माणूस ओठ वाचायला शिकतो. आम्ही खातं म्हणतो म्हणजे माग चालतात ती शेड. मीही मागवालाच, पण माझं खातं दोन गल्ल्या पलीकडचं, आणि ओठ वाचण्यात मी हिलालभाऊच्या पासंगाला पुरणारा नव्हे. मॅचच्या वेळी तो मैदानाच्या कडेला उभा राहायचा आणि समोरच्या टीमचा कप्तान लांबवर काय कुजबुजतोय ते आम्हाला ओरडून सांगायचा. एक पंच त्याला वैतागून 'काका, घरी जा' म्हणाला, तेही त्यानं ओठांवरूनच वाचलं आणि जागेवरून हलला नाही.

क्लब भिवाचा. भिवा भुसावळचा, बाप रेल्वेच्या लोको शेडमध्ये होता. तिथल्या कॉलनीत फुटबॉल शिकला, सुरतेला मागावर आला आणि रेल्वेलाइनच्या पलीकडच्या मैदानात आमच्या पोरांना गोळा करून त्यानं टीम उभी केली. ती जेमतेम उभी राहिली आणि चौऱ्याण्णवचा प्लेग आला. अर्धं सुरत गाड्यांना लटकून गावी पळालं. आमचे पाच खेळाडू गेले, त्यातले दोन परतले. पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे गोलकीपर होता, बॅक होते, आणि पुढे गोल मारायला देवाचं नाव होतं.

मग चहाच्या टपरीवर रोजची सभा सुरू झाली. आणायचा कोण? पेटीत वर्गणीचे अकराशे रुपये, आणि आमच्या गप्पा अशा की जणू आम्ही हत्ती विकत घ्यायला निघालोय. आमच्यातल्या राघोला बारडोलीचा एक जण हवा होता, साखर कारखान्याच्या वसाहतीतला, अंगानं बैलासारखा. भिवा म्हणायचा, गोल मारणारा राहू द्या, आधी बूट घ्या. आणि हिलालभाऊचं एकच नाव, अमळनेरचा कुंदन.

प्लेगमध्ये गावी गेला असताना त्यानं कुंदनला मिलच्या मैदानावर खेळताना पाहिलं होतं. त्या पोराचं वर्णन करताना त्याचा चहा गार व्हायचा. राघोही तिकडचाच, त्यानंही कुंदनला पाहिलेलं. तो म्हणायचा, "एकपाय्या शे तो. त्याना डावा पाय नुसता उभं ऱ्हावाले शे."

"मी सोता देखेल शे!" हिलालभाऊ असा ओरडायचा की टपरीवाला दचकायचा. "डावा पायना गोल व्हता तो!"

"सपनमा देखा व्हयी."

हा डाव्या पायाचा तंटा महिनाभर चालला. शेवटी मत माझं मागितलं. मी त्या पोराला जन्मात पाहिलं नव्हतं, पण हिलालभाऊचा चेहरा पाहिला आणि म्हणून टाकलं, आणा कुंदनला. माझं नाव सुकदेव, पण त्या दिवशी शुकमुनीची अक्कल काही मला आठवली नाही.

कुंदन आला. पंचविशीचा, काटक, अबोल. मिल बंद पडल्यापासून बाप घरी बसलेला, ह्याच्या हाताला मिळेल ते काम. भिवानं पेटी पुढे सरकवली. कुंदननं पेटीकडे पाहिलंही नाही.

"पैसा नको माले," तो म्हणाला. "माग द्या."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. बोलणं खरं होतं. अकराशे रुपये किती दिवस पुरणार? त्याला सुरतेत राहायचं तर काम हवं. मिलमध्ये बापाच्या हाताखाली तो माग शिकलेला. पण माग रिकामे असतात कुठे? ज्याच्या हाताखाली सहा माग, त्याच्या घरात चूल. म्हणजे आमच्यापैकीच कोणीतरी आपले माग सोडून त्याला बदली म्हणून उभं करायचं. महिनाभर गळा फाडून बोलणारे आम्ही दहा-बारा जण, त्या क्षणी प्रत्येकाला आपल्या कपातल्या चहात काहीतरी दिसायला लागलं. मलाही दिसलं. ती लाज अजून गेलेली नाही.

हिलालभाऊ म्हणाला, "मना ले. संक्रांतलगून."

दिवाळीत खाती बंद होतात आणि लाभपाचमला पुन्हा सुरू होतात. त्या दिवशी माणसं इकडची तिकडे होतात, म्हणून शेठनं काही विचारलं नाही. हिलालभाऊनं कुंदनला आपल्या सहा मागांपुढे उभं केलं. तिसऱ्या मागाचा ताणा उजवीकडून तुटतो, पाचवा सकाळी रुसतो, असं सगळं समजावून दिलं. फक्त कंबरेची धागा कापायची कातर दिली नाही. ती मी परत येणार म्हणून माझ्यापाशी राहू दे, म्हणाला. दोन महिन्यांचा तर प्रश्न, तोवर मार्केटात साड्यांचे गठ्ठे वाहीन.

बायकोला, उषाबाईला, त्यानं हे तीन दिवसांनी सांगितलं. ती माझ्याकडे आली नाही, भांडली नाही. घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम घ्यायची, ते दुप्पट घेतलं. तिची धाकटी सोनाली दहावीला होती, मराठी शाळेत. तीही शाळेतून आली की आईशेजारी टिकल्या चिकटवत बसायची आणि पुस्तक मांडीखाली उघडं ठेवायची.

आणि कुंदन खेळला, हो! नवतरुण चषकाच्या चार मॅचमध्ये सहा गोल. सगळे उजव्या पायाचे, हे राघो दर वेळी बोटांवर मोजून सांगायचा. हिलालभाऊ पाठीला टॉवेल बांधून मैदानावर यायचा. गठ्ठ्यांनी त्याची पाठ धरली होती, वाकला की सरळ व्हायला वेळ लागायचा. तरी कुंदननं चेंडू घेतला की तो पाठ विसरायचा. मला त्याचा राग यायचा. अरे, पन्नाशीला आलेला माणूस तू, कोणाच्या पायावर संसार टाकून नाचतोस?

डिसेंबरात हिलालभाऊनं शेठला सहज सांगितलं, संक्रांतीनंतर मी येतो. शेठ हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता म्हणाला, "छोकराना हाथ सारा छे." पोराचा हात चांगला आहे. बस, एवढंच. कुंदनच्या हाताखाली रोज वीस-पंचवीस मीटर जास्त निघत होतं. आमच्यात लिहून-सवरून काही नसतं. माग ज्याच्या हातात, त्याचे. हे लिंबायतमधलं शेंबडं पोरही सांगेल, पण गोलांच्या नादात आम्हा सगळ्यांना त्याचा विसर पडला.

त्या वर्षी मंदी होती. हिलालभाऊनं वीस-बावीस खाती पालथी घातली. तरण्या पोरांना माग मिळत नव्हते, अर्ध्या कानाच्या माणसाला कोण देणार? खोलीचं भाडं थकलं. मालकानं महिनाअखेरीची मुदत दिली. गावी जमीन नव्हती, घराचा एक खण भावाच्या ताब्यात.

तेव्हा उषाबाई माझ्याकडे आली. पदरानं बोटांचा डिंक पुसत होती.

"भाऊ, पोरनी परीक्षा मार्चमा शे. तवलगून तरी आठे ऱ्हावाले भेटू द्या. तुम्हीन सांगा त्यासले, माग परत मांगा म्हना."

मी हिलालभाऊला सांगितलं, कुंदनला सरळ विचार. तो म्हणाला, कसं विचारू? पोरानं बायको आणि दोन लेकरं आणली, आईबाप आणले, सहा तोंडं त्या सहा मागांवर. "मीच हात धरीसन आना त्याले." हे मात्र तो हळू आवाजात म्हणाला. त्याला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

आणि मग त्यानं नवा मार्ग काढला, फुटबॉलवाल्याच्याच डोक्यात येईल असा. सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीची मोठी टीम होती. ती चांगल्या खेळाडूला कायमची नोकरी द्यायची. कंपनीचा साहेब फायनल बघायला येणार होता. कुंदन खेळला, साहेबाला आवडला, कंपनीत गेला, की सहा माग रिकामे. टपरीवर पुन्हा सभा भरली. ज्याला आणण्यासाठी महिनाभर घसा कोरडा केला, तोच आता जावा म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसलो. तो गेला तर क्लबचं काय, असं भिवानं एकदाच विचारलं. आणि कुंदनला विचारावं, हेही कोणाच्या डोक्यात आलं नाही. खेळाडूला कोण विचारतं?

फायनल रविवारी. हिलालभाऊच्या खात्याला सुटी बुधवारची, विजेच्या पाळीप्रमाणे. शेठ कुंदनला म्हणाला, बदली माणूस दे आणि जा. त्या जुन्या मागांना सांभाळणारा दुसरा माणूस होता कोण? हिलालभाऊच. सकाळी सातला तो आपल्याच मागांवर कुंदनची बदली म्हणून उभा राहिला. जाताना मला म्हणाला, "सुकदेव, नीट देख. माले सगळं सांगनं पडी."

मी नीट पाहिलं. हाफटाइमला आम्ही एका गोलनं मागे होतो. साहेब खुर्चीवर बसून पेपर चाळत होता. मला मॅच दिसत नव्हती, सोनालीचं मांडीखालचं पुस्तक दिसत होतं. मग कुंदननं एक फेडला. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना चेंडू त्याच्याकडे आला, उजवीकडे दोघं आडवे आले, तो वळला आणि त्यानं मारला. जाळी नव्हती आमच्या गोलाला, चेंडू थेट रेल्वेलाइनच्या भिंतीवर आदळला. साहेब उठून उभा राहिला. मी रडलो, खोटं कशाला सांगू. हिलालभाऊचे माग मोकळे झाले, असंच वाटलं मला.

बक्षीस झाल्यावर साहेबानं कुंदनला बाजूला घेतलं. पाच मिनिटं बोलले. कुंदन परत आला आणि बूट हातात घेऊन म्हणाला, "चला, खातावर जाऊ. आप्पा सकायपासून उभा शेतस." हिलालभाऊला तो आप्पा म्हणायचा. वाटेत मी दोनदा विचारलं, तो म्हणाला, आप्पांनाच सांगतो.

आम्ही खात्याच्या दारात पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. आत कानठळ्या. हिलालभाऊ तिसऱ्या मागाचा तुटलेला ताणा जोडत होता. त्यानं मान वर केली, कुंदनच्या पायांना लागलेली माती पाहिली, मग तोंडाकडे पाहायला लागला. मी दारातच थांबलो. दोघांचे ओठ मला दिसत होते.

कुंदननं दोन बोटं दाखवली, मग एक. जिंकलो. हिलालभाऊनं मान हलवली आणि विचारलं, "साहेब?"

"बलावस. कायमनी नोकरी देस म्हने." कुंदन थांबला. "मी नही म्हनं, आप्पा."

हिलालभाऊचे हात मागावरच राहिले.

"कायमनी नोकरी मना बापले बी व्हती," कुंदन म्हणाला. "मिलना भोंगा बंद व्हयना, कोनी इचारं नही. पाय शे तवलगून कंपनी. माग नही सोडत मी. तुम्हीन चौदा वरीस ह्या मागसवर घर चालाडं. तेच देखीसन मी आठे उना."

मला वाटलं, आता हा पोराच्या पाया पडेल. नाहीतर थोबाडीत देईल. काहीही केलं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता. माग सहाच्या सहा चालू होते. एकाचा धोटा अडकला, तो हिलालभाऊनं न बघता सोडवला. मग त्यानं कुंदनकडे तोंड केलं, आणि ओठ इतके सावकाश हलवले की मलाही एकेक अक्षर वाचता आलं.

"दुसरा गोल कोनता पायना?"

"डावा पायना, आप्पा."

हिलालभाऊनं कंबरेची कातर काढली, कुंदनच्या हातात दिली, आणि मागांमधून बाजूला झाला. त्याच्या मिशीखाली हसू आलं होतं, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. दोन्ही एकाच वेळी मी माणसाच्या तोंडावर पुन्हा कधी पाहिलं नाही.

दारात येऊन तो नेहमीसारखा ओरडला, "राघोले सांग! डावा पाय शे त्याना!"

पाठ धरून तो चालायला लागला, मी मागे मागे. गल्लीच्या तोंडावर पोरं कप नाचवत होती, त्यांनी त्याला खांद्यावर घ्यायला पाहिलं, पाठीमुळे घेता आलं नाही. उषाबाई खोलीच्या दारात उभी होती. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग रिकाम्या कंबरेकडे पाहिलं, आणि आत जाऊन कपड्यांचं गाठोडं बांधायला घेतलं.