जिन्यावरचा पहिला नंबर

एका सोमवारी सकाळी चहाच्या वेळी आईच्या उजव्या डोळ्यात खालच्या बाजूने काळी सावली दिसू लागली. मंगळवारी सकाळी ती आणखी वर आली होती. मधल्या काळात डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यांना फोन करून झाले होते. मिळालेली सगळ्यांत जवळची तारीख पुढच्या महिन्यातली होती.

सावली कळली ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमुळे. आई दुधाचा खाडा लिहायला उभी राहिली आणि म्हणाली, "शेवटची ओळ छापायची राहिलीय का यात?"

ओळ छापलेली होती. तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू आहे. त्याने तिला माणूस आलेलं कळतं, कोण आलंय ते कळत नाही. वाचन, शिवण, भाजी निवडणं, रस्ता ओलांडणं, सगळं उजव्या डोळ्यावर. मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्याच डोळ्याचं झालेलं. ते करणाऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला होता आणि ते मुलाकडे परदेशी गेले होते. त्यामुळे डोंबिवलीतल्या प्रत्येक दवाखान्यात आता ती 'नवीन पेशंट' होती.

मी तेव्हा एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. आरोग्याच्या पानावरचे लेख तपासण्याचं काम माझ्याकडे असे. डोळ्याच्या आतला पडदा भिंतीवरच्या कागदासारखा सुटू लागला की अशी सावली दिसते, सावली खालून चढत असेल तर पडदा वरून सुटतोय, आणि सुटणं मध्यभागापर्यंत पोचलं तर गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही, एवढं त्या लेखांमुळे माहीत होतं. आईला यातलं अर्धंच सांगितलं.

कल्याणच्या दवाखान्यात फोन उचलला गेला, "होल्ड करा" म्हटलं गेलं, आणि नंतर बराच वेळ फक्त मिक्सरचा आवाज येत राहिला. ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नुसतं संगीत होतं, मग एक आवाज, मग पुढच्या महिन्यातली तारीख. घराजवळच्या, मानपाडा रोडवरच्या दवाखान्यात सोमवारी दुपारी फोन लागला. तिथल्या रिसेप्शनिस्टने विचारलं, "नवीन की जुने?"

"नवीन. पण अर्जंट आहे."

"मॅडम, सकाळपासून एकही फोन अर्जंट नाही असा आलेला नाही. पुढच्या महिन्यातलं देऊ का?"

"त्याच्या आधी काहीच नाही?"

"समोरचे दहा नंबर असतात. सकाळी येऊन लाइन लावा. फोनवर मिळत नाहीत ते."

समोरचे दहा नंबर म्हणजे रोज प्रत्यक्ष येणाऱ्या पहिल्या दहा जणांना मिळणारे नंबर. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली बेकरी. दार दहाला उघडतं, पण लाइन जिन्यावर सात-साडेसातपासून लागते. मंगळवारी आम्ही पोचलो तेव्हा जिन्यावर माणसं चार होती आणि वस्तू सहा. सर्वांत वरच्या पायरीवर हेल्मेट. मग एक पाण्याची बाटली, एक छत्री, प्रत्येकी एका पायरीवर. चौथ्या पायरीवर एक बाई बसलेल्या. त्यांच्याखाली पुन्हा दोन पिशव्या, एक जुना रुमाल आणि त्यावर विटेचा तुकडा, आणि बाकीची माणसं. आमची पायरी अकरावी होती.

"ही बाटली कुणाची?" मी विचारलं.

"मालक चहाला गेलेत," आमच्या वरच्या पायरीवरचे एक गृहस्थ म्हणाले. "बाटलीला डोळे दाखवायचेत."

दोघंतिघं हसले. मी आईला हळूच म्हटलं, वस्तू बाजूला करू आणि वर सरकू. तिने माझा हात धरला.

"हात लावायचा नाही कशाला."

"अगं, हेल्मेट पेशंट आहे का?"

"इथं ठेवायची पद्धत आहे ना? मग तो नंबर झाला. मोडायचा नाही."

हे तिचं नेहमीचंच. सगळी नोकरी तिने शिधावाटप कार्यालयात खिडकीच्या आत बसून केली. रॉकेलची लाइन, साखरेची लाइन, कार्डाची लाइन. नगरसेवकाची चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसालाही ती "मागे उभे राहा" सांगायची. चाळीतल्या ओळखीच्या बायका तिच्या खिडकीशी यायला घाबरत, कारण ओळख दाखवली की ती त्यांना आणखी मागे पाठवील असं त्यांना वाटे. त्या मंगळवारी ती डोळ्यात सावली घेऊन अकराव्या पायरीवर बसली आणि वस्तूंचे नंबर सांभाळू लागली. रुमालावरची वीट घसरली तेव्हा ती तिनेच सरळ केली.

पावणेदहाला रिसेप्शनिस्ट आली. चाळिशीच्या आतली, केसांना क्लचर, एका हातात डबा, दुसऱ्या हातात दवाखान्याचा वाजता फोन. जिना चढता चढता ती "बसा, बसा, उठू नका" म्हणत होती. मी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेले आणि काय झालंय ते सांगितलं. तिने कुलूप काढलं.

"दहा म्हणजे दहा, मॅडम. अकरावा आत सोडला तर बारावा माझ्याशी भांडतो. डॉक्टर आत असतात, शिव्या मला बसतात."

"मग डॉक्टरांना विचारा एकदा."

"डॉक्टर साडेदहाला येतात. त्यांना विचारलं तर ते प्रत्येकाला हो म्हणतात. मग रात्री सगळ्यांना घरी मी पाठवायचं." तिने दार लोटलं आणि थांबली. "लाइनीला विचारा. लाइन हो म्हणाली तर माझी ना नाही. एक जण जरी नाही म्हणाला तरी नाही."

तोपर्यंत वस्तूंचे मालक परतले होते. हेल्मेटवाला तिशीतला, कुरियर कंपनीचा टी-शर्ट घातलेला, एक डोळा लाल. मी वरच्या पायरीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. तोच पहिल्यांदा बोलला.

"ताई, अर्जंट कोणाला नाहीये? मी काय हौस म्हणून आलोय? सुट्टी टाकून बसलोय."

"फक्त रिपोर्ट दाखवायचाय असं सांगून घुसतात, तसं नाही ना?" बाटलीवाले म्हणाले.

"काल एक जण असाच घुसला. अर्धा तास बाहेर नाही आला."

खालून आईचा आवाज आला. "कुणी कुणाला सोडू नका. बरोबर बोलतायत ते."

ज्या बाईसाठी मागणं चाललं होतं तीच नको म्हणत होती. चौथ्या पायरीवरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं. त्या मानपाड्याच्या जवळच्या गावातल्या, जुन्या स्थानिक घरातल्या. नऊवारी, कोपरापर्यंत बांगड्या, पायात मुलाचे बूट.

"तुला झालाय तरी काय गो बाय?"

आईने उत्तर दिलं. डेस्कवर आम्हाला बातमीदाराकडून ज्या क्रमाने हवं असे, त्या क्रमाने ते होतं. काल सकाळी कॅलेंडरची शेवटची ओळ दिसेना. संध्याकाळी तिच्यावरची. आज समोर उभ्या माणसाचे पाय दिसत नाहीत. दुखत नाही. दुसरा डोळा जन्मापासून कामाचा नाही. "तुमच्या पायात बूट आहेत असं हिने सांगितलं म्हणून कळलं. मला तुम्ही कमरेपासून वर दिसताय."

बाई उठल्या. "माजा चष्म्याचा नंबर काराचा हाय. तो काय पलून जात नाय. माज्या जाग्यावर बस."

"मग तुमचं काय? तुम्ही अकराव्या. आज तुमचा नंबर लागणार नाही."

"नाय लागला तर उद्या येन. घर हितंच हाय माजा."

खिडकीच्या आत असताना आई जो विचार करत असेल तोच बहुधा करत होती. मग तिने जिन्यावरच्या सगळ्यांना उद्देशून सांगितलं, "अदलाबदल चालते. त्या माझ्या जागी, मी त्यांच्या जागी. मधल्या कुणाचा नंबर मागे जात नाही. यात कुणाची हरकत असेल तर आत्ता सांगा."

हरकत कुणाची नव्हती. आई अंदाजाने पायऱ्या चढली, कारण पायऱ्या तिला दिसत नव्हत्या. ती भिंतीला हात लावून प्रत्येक पायरी चाचपत होती आणि जिन्यावरच्या सगळ्यांनी ते पाहिलं. ती चौथ्या पायरीवर टेकली. हेल्मेटवाला तिच्याकडे बघत होता.

"आजी, चौथा नंबर येईस्तोवर तुमची सावली अजून वर आली तर?"

"येईल थोडी."

"मग चार मला द्या. एक तुम्ही घ्या." त्याने हेल्मेट उचललं. "अदलाबदल चालते ना? तुम्हीच म्हणालात."

"तुमचा डोळा लाल आहे."

"आठवडा झाला लाल आहे. अजून दोन माणसं लाल राहील."

"तीन," आई म्हणाली, आणि पहिल्या पायरीवर गेली.

रिसेप्शनिस्ट दारात उभी राहून हे ऐकत होती. तिने एक ते दहा नंबरची कार्डं वाटली. मग बूटवाल्या बाईंना हाक मारली. "मावशी, उद्याचा पहिला नंबर तुमचा. दहाला या. सकाळी येऊन बसू नका." त्या दवाखान्यात असा नंबर आधी कधी दिला गेला नव्हता, असं तिने नंतर मला सांगितलं.

डॉक्टरांनी आईच्या डोळ्यात थेंब घातले, बाहुली मोठी झाल्यावर दिवा लावून पाहिलं. पडदा वरून सुटला होता. मधला भाग, ज्याने आपण वाचतो, तो अजून जागेवर होता. ऑपरेशन पडद्याच्या सर्जनकडे, ठाण्यात, आणि लवकरात लवकर. ते त्याच मोठ्या दवाखान्याचं नाव होतं, जिथून पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली होती.

मी ते बाहेर येऊन सांगितलं. रिसेप्शनिस्टने दवाखान्याचा फोन बाजूला ठेवला आणि पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला.

"तो नंबर तुम्ही लावलात तर पुढचा महिनाच येणार. तो सगळ्यांसाठी आहे." तिने फोन कानाला लावला. "हां, मी बोलतेय, डोंबिवली. जेवलीस का? ऐक ना, एक पडदा पाठवतेय. मॅक्युला ऑन. हो, ऑन आहे अजून, सरांनी आत्ताच बघितलंय. एकच डोळा चालू आहे त्यांचा. नाही गं, तसली अर्जंट नाही, खरी." ती थोडा वेळ ऐकत राहिली. "उपाशी राहायला सांगू का? बरं. पोचतील दुपारपर्यंत."

फोन ठेवून तिने अर्थ सांगितला. मॅक्युला म्हणजे तो मधला भाग. तो चिकटलेला असेल तर सर्जन त्याच दिवशी पाहतात. "आम्ही दोघी आधी एकाच दवाखान्यात होतो," ती म्हणाली. "आता मी तिचे लोक घेते, ती माझे. रोज नाही करत. रोज केलं तर कोणी फोन उचलणार नाही." मग तिने दाराकडे पाहिलं. "दोन नंबर."

रिक्षाचे धक्के नकोत म्हणून मोटार मागवली. कल्याण-शीळ रोडवर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले होते आणि गाडी पुलाखाली बराच वेळ उभी होती. आई डोळे मिटून बसली होती. मुंब्रा बायपासला तिने एकदा डोळे उघडले आणि सांगितलं, "ड्रायव्हरची मान दिसतेय. खांदे नाहीत."

ठाण्याच्या दवाखान्यात काउंटरवर मोठी लाइन होती. आई सवयीने शेवटी जाऊन उभी राहिली. काउंटरमागच्या मुलीने मान वर केली.

"डोंबिवलीचा पडदा कोण?"

आईने हात वर केला.

"इकडे या, आजी. लाइनीत नाही."

आई जागची हलली नाही. तिच्या पुढे उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ बाजूला झाले आणि म्हणाले, "अहो, बोलावतायत तर जा. आम्ही काय भांडत नाही." त्यांच्या पुढचेही बाजूला झाले. ती गेली.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं, यादीतली पहिली केस. मधला भाग शेवटपर्यंत जागेवर होता, असं सर्जननी बाहेर येऊन सांगितलं. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला होता. त्याने पडदा आतून दाबून धरायचा असतो. पुढचे काही दिवस आई सांगितलेल्या पद्धतीने मान धरून बसली, झोपली, जेवली. बुडबुडा कमी होत गेला तसं तिला वरून दिसू लागलं. आधी पंखा, मग दाराची चौकट, मग कॅलेंडरचा महिना. तारखा एकेक ओळ करून खाली उतरत आल्या. शेवटची ओळ दिसली त्या सकाळी तिने दुधाचा खाडा स्वतः लिहिला.

त्यानंतरची तपासणी मानपाडा रोडच्या दवाखान्यात होती. आता ती जुनी पेशंट होती आणि तिला फोनवर वेळ मिळाली असती. तिने फोन केला नाही. सकाळी एकटी चालत गेली, जिन्यावर पिशवी ठेवली आणि खालच्या बेकरीतून खारी घेऊन आली. तिथे आईला भेटलेल्या, बूटवाल्या बाईंच्या सुनेने हे नंतर मला सांगितलं. रिसेप्शनिस्टने कार्डं वाटली आणि आईला सगळ्यांच्या आधी आत येण्याची खूण केली. आईने तिला हातातलं कार्ड दाखवलं.

कार्ड सात नंबरचं होतं. ती सातव्या नंबरने आत गेली आणि उजव्या डोळ्याने तक्त्यावरची खालून दुसरी ओळ वाचली.