खाडीचं पाणी, वस्त्रगाळ

जिल्हा नवा झाला तेव्हा लातुरात सगळ्यांना वाटलं, कलेक्टर आला म्हणजे आता पाणीपण येणार. कलेक्टर आला, पाण्याचा पत्ता नाही. पुढच्या दुष्काळात तर बाहेरगावचा पाहुणा पेढ्यांऐवजी पाण्याचा कॅन घेऊन यायचा, आणि कौतुकही कॅनचंच व्हायचं.

माझ्या कॅनमध्ये मात्र खाडीचं खारं पाणी होतं आणि त्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे जिवंत जीव. मी त्यांच्यावरच संशोधन करत होते. गल्ली हसायची, "हितं प्यायला न्हाई, अन् ही समुंदर शोधून राहिली!" हसा लेको! माझे सर आणि त्यांचा सूक्ष्मदर्शक नांदेडला. आधीच्या खेपांना सगळे जीव वाटेतच मेले होते. "या वेळी मेलेले आणलेस तर विषय बदल," सरांनी बजावलं होतं.

खाडीवरून येताना रात्रभर एसटीत कॅन मांडीवर घेऊन बसले. लातूरच्या अलीकडं औशाला झाकण उघडून पाहिलं, वळवळत होते. घरी घटकाभर टेकून नांदेडची गाडी धरायची होती. ओसरीवर आडवी झाले आणि मेला डोळा लागला.

जाग आली ती पाणी ओतल्याच्या आवाजानं. अव्वा, म्हणजे माझी आई, रांजणाच्या तोंडावर फडकं धरून कॅन उपडा करत होती. आमच्या लिंगायत घरात वस्त्रगाळ केल्याशिवाय पाण्याचा थेंब वापरत नाहीत.

"अव्वा! काय करून राहिलीस?"

"तू आणलेलं पाणी गाळून घेतलं. लई घाण हाय गं ह्यात," म्हणत ती फडकं झटकायला अंगणाकडं निघाली.

"झटकू नको! जीव हायेत त्यात! माझं सगळं त्याच्यावर हाय! विचारायचं तरी!" मी किंचाळतच होते. ती मागं फिरली, तिनं रांजणातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकलं. टँकरचं अर्धा रांजण गोडं पाणी होतं, ते सगळं खारट झालं होतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

"पाण्याबिगर किती येळ राहतील ते?" तिनं विचारलं.

"मरतील आत्ता."

तिनं फडकं रांजणात बुडवून हलक्या हातानं खळबळलं आणि तेच पाणी कॅनमध्ये भरून दिलं. खाडीतले जीव पावसाळ्यात निम्मं गोडं झालेल्या पाण्यातही तग धरतात, हे मला माहीत होतं. पण असं एकाएकी? नांदेडची गाडी धरली; वाटेतलं लोहा गाव मागं पडलं तरी झाकण उघडायची हिंमत झाली नाही.

सरांनी थेंब काचेवर घेतला. बरेच मेले होते. काही मात्र चांगले पोहत होते. "चालेल, पुढं काम कर," सर म्हणाले.

संध्याकाळी परतले तर अव्वा दुसऱ्या गल्लीतून मागून आणलेली घागर उतरवत होती. घागर अर्धीच भरलेली. मी कॅन खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं,

"जगले का?"

"हाव. थोडे."

ती उंबऱ्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं.

"मग पाणी वाया न्हाई गेलं," म्हणाली.